नागिणीचे तोंड शोधू नका, तास मोजा

परळी तालुक्यातील धर्मापुरी आणि आसपासच्या गावांत कोणाच्या कमरेवर किंवा छातीवर पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला, की पहिला प्रश्न येतो, "तोंड कुठं आहे?" फोडांच्या ओळीला एका टोकाला तोंड आणि दुसऱ्या टोकाला शेपूट असते, ही नागीण अंगाला वेढा घालते आणि तोंड शेपटीला भिडले की माणूस संपतो, असा समज घराघरांत आहे. मग तोंड 'बांधायला' कोणी गेरू लावतो, कोणी चुना, कोणी मंतरलेली राख. नागीण उतरवून देणाऱ्याचा पत्ता सांगणाऱ्यांत शिकलेली माणसेही असतात.

आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्याच्या प्रश्नांवर काम करतो. नागिणीबद्दल लोकांना भीती आहे, पण ती चुकीच्या जागी आहे, हे आम्हाला पुन्हा पुन्हा दिसते. कमरेवरचा पट्टा पाहून घर हादरते आणि कपाळावर उठलेल्या चार फोडांकडे मात्र 'उष्णता झाली' म्हणून दुर्लक्ष होते. वास्तविक डोळा जाण्याचा धोका त्या चार फोडांत असतो. नागीण नेहमी नागिणीसारखी दिसत नाही. तिची वेगळी रूपे ओळखता आली, तर आपण आपल्या गावात कोणाची तरी दृष्टी वाचवू शकतो. म्हणून हा लेख.

कांजिण्यांचाच विषाणू

नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूमुळे होणारा आजार आहे. या विषाणूचे नाव व्हॅरिसेला झोस्टर. लहानपणी कांजिण्या येतात, खपल्या पडतात, मूल बरे होते. पण विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि मेंदूच्या तळाशी मज्जातंतूंच्या गाठी असतात. तिथे तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले, मधुमेह झाला, कर्करोगाचे उपचार किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असले, एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावली, की तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. कधी कोणतेही कारण सापडत नाही.

हा उलगडा एका रात्रीत झालेला नाही. नागिणीच्या रुग्णाच्या सहवासात आलेल्या मुलांना कांजिण्या होतात, हे हंगेरीतील डॉक्टर बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले. १९५० च्या दशकात अमेरिकेतील थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांतून एकच विषाणू वेगळा करून दाखवला. इंग्लंडमधील सायरनसेस्टर या छोट्या गावात साधी प्रॅक्टिस करणारे डॉ. एडगर होप-सिम्पसन यांनी १९४७ पासून सोळा वर्षे आपल्या भागातील नागिणीच्या १९२ रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. त्यांच्या आधारे १९६५ मध्ये त्यांनी मांडले, की विषाणू बाहेरून नव्याने येत नाही, आत झोपलेला असतो तोच जागा होतो. पुढे ते खरे ठरले.

आपल्याकडे कांजिण्या आल्या तरी 'देवी आल्या', 'माता आली' म्हणतात. देवीचा आजार वेगळा होता. तो १९७० च्या दशकातच भारतातून गेला आणि १९८० मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. कांजिण्या आजही आहेत, आणि नागीण हा त्यांचा मागे राहिलेला भाग आहे.

तोंड-शेपूट का जुळत नाही

कण्यातून निघणारा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूच्या त्वचेचा एक पट्टा सांभाळतो. उजवीकडचा तंतू पाठीच्या मध्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत येतो आणि तिथे थांबतो. विषाणू सहसा एकाच गाठीत जागा होतो, म्हणून फोड त्याच एका पट्ट्यात येतात आणि मध्यरेषेपाशी थबकतात. यात बांधायला तोंडही नसते आणि तोडायला शेपूटही नसते.

क्वचित फोड दोन्ही बाजूंना येतात किंवा अंगभर पसरतात. अशा रुग्णाच्या जिवाला खरोखर धोका असू शकतो. कदाचित कधीकाळी असेच रुग्ण दगावलेले पाहून हा समज रुजला असेल. पण तिथे धोका वेढा पूर्ण झाल्याचा नसतो. प्रतिकारशक्ती इतकी ढासळली आहे की विषाणू एका तंतूत मावलेला नाही, याची ती खूण असते. अशा माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात भरती करावे लागते.

हा समज फक्त मराठवाड्याचाही नाही. लॅटिन अमेरिकेत या आजाराला 'कुलेब्रिया', म्हणजे छोटा साप म्हणतात आणि तिथेही डोके-शेपूट जुळण्याची भीती आहे. चिनी लोकांमध्येही कमरेला विळखा घालणारा साप हीच कल्पना आहे. उत्तर भारतात काही ठिकाणी पट्ट्याचा आकार पाहून याला 'जनेऊ' म्हणतात. मज्जातंतूचा पट्टा सगळ्या माणसांत सारखाच असतो. ज्या समाजाला त्यात जे दिसले, त्याने ते नाव दिले.

उतरवणाऱ्याला यश का येते

"अमक्याची नागीण मंत्राने बरी झाली" असे कोणी सांगितले, तर तो माणूस खोटे बोलत नसतो. नेहमीच्या नागिणीत तीन ते पाच दिवस नवे फोड येतात, सात ते दहा दिवसांत ते सुकतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा भरून येते. काहीही केले नाही तरी बहुतेकांचे असेच होते. उतरवणारा तीन, पाच किंवा सात फेऱ्या सांगतो. फेऱ्या संपेपर्यंत फोड सुकलेले असतात आणि श्रेय राखेला मिळते.

पण फोड सुकले म्हणजे आजार संपला असे नाही. मज्जातंतूला इजा झाली असेल तर ठणका मागे उरतो. सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नाही, रात्री झोप लागत नाही. नागिणीच्या साधारण दर दहा रुग्णांपैकी एक ते दोघांना ही वेदना तीन महिन्यांपेक्षा जास्त राहते, आणि वय जितके जास्त तितकी तिची शक्यता जास्त. तोपर्यंत उतरवणाऱ्याचा हिशोब मिटलेला असतो. म्हातारी माणसे ही आग वर्षभर सोसतात आणि घरातले म्हणतात, "आता तर फोडही नाहीत, मग दुखतं कसं?"

वेगळ्या रूपातली नागीण

नेहमीची नागीण ओळखणे सोपे आहे. आधी एक ते पाच दिवस एकाच बाजूला आग, मुंग्या, ठणका. मग लालसर त्वचेवर पाण्याच्या फोडांचे घोस. खालची रूपे मात्र प्रत्येक कार्यकर्त्याने नीट लक्षात ठेवावीत.

कपाळ आणि डोळा. फोड कपाळाच्या एका बाजूला, पापणीवर, डोक्याच्या केसांत येतात. नागिणीच्या दर शंभर रुग्णांमध्ये दहा ते वीस जणांना ती या भागात होते. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड आला, तर डोळा सापडण्याची शक्यता बरीच वाढते, कारण नाकाचा शेंडा आणि डोळ्याचा आतला भाग एकाच मज्जातंतूच्या फांदीवर आहेत. ही खूण एकोणिसाव्या शतकात जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी दाखवून दिली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अशा रुग्णाला डोळा लाल होण्याची, दिसायला कमी येण्याची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे न्यायचे.

कान आणि चेहरा. कानात प्रचंड दुखते, कानाच्या पाळीवर किंवा आत फोड येतात आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा होतो. डोळा मिटत नाही, तोंडातून पाणी ओघळते, चक्कर येते, ऐकू कमी येते. गावात याला 'वारं गेलं' म्हणतात आणि चेहऱ्याला मालीश सुरू होते. जेम्स रॅम्से हंट यांनी १९०७ मध्ये याचे वर्णन केले. गायक जस्टिन बीबरने २०२२ मध्ये आपला अर्धा चेहरा हलत नसल्याचा व्हिडिओ टाकला होता, तो हाच आजार. इथे कानाच्या आत बॅटरीने पाहणे महत्त्वाचे, कारण फोड कधी आतच दडलेले असतात. उपचाराला जितका उशीर, तितकी चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता कमी.

फोडांविना दुखणे. कधी पुरळ चार-पाच दिवस उशिरा येते, तर कधी येतच नाही. छातीच्या डाव्या बाजूला आली की हृदयविकार वाटतो, पोटाच्या उजवीकडे आली की अपेंडिक्स, कमरेत आली की मुतखडा. छातीत दुखत असेल तर आधी ईसीजीच काढायचा. 'नागीण असेल' म्हणून घरी बसायचे नाही. तपासण्या ठीक आल्या आणि दुखणे एकाच पट्ट्यात, कातडीवरून हात फिरवला तरी आग होणारे असेल, तर डॉक्टरांना ही शक्यता विचारावी आणि रोज कपडा बाजूला करून त्वचा पाहावी.

कमरेखालची नागीण. ढुंगणावर, जांघेत, गुप्तांगाजवळ फोड येतात आणि काहींची लघवी अडते किंवा शौचाला त्रास होतो. लाजेपोटी, विशेषतः बायका, हे सांगत नाहीत. लैंगिक आजाराचा संशय घेतला जाईल या भीतीने घरचे घरीच ठेवले जाते. त्या संशयाचे पुढचे बोलणे नंतर करता येईल. लघवी अडली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

अंगभर पसरलेली. मूळ पट्ट्यापासून दूर वीसपेक्षा जास्त फोड आले, तर डॉक्टर ती पसरलेली नागीण मानतात. दिसायला ती कांजिण्यांसारखी असते. यात फुप्फुसे, यकृत, मेंदू यांनाही विषाणू गाठू शकतो. ताप, धाप, बडबड, गुंगी यांपैकी काही असेल तर क्षणभर थांबू नये.

न भरणारी, चामखिळीसारखी. फोड सुकून जाण्याऐवजी जाड, खरखरीत, चामखिळीसारखे उंचवटे होतात आणि महिनोन्‌महिने राहतात, किंवा काळ्या खपलीच्या खोल जखमा होतात. हे रूप मुख्यतः प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या, विशेषतः एचआयव्हीबाधित रुग्णांत दिसते. विषाणू नेहमीच्या औषधाला दाद देईनासा झालेला असू शकतो.

लहान मुलांतली. मुलांना नागीण होऊ शकते. आईच्या पोटात असताना किंवा पहिल्या वर्षात कांजिण्या होऊन गेल्या असतील, तर शक्यता जास्त. बहुतेक मुले लवकर बरी होतात, तरी डॉक्टरांना दाखवून कारण पाहून घ्यावे.

उलटही घडते. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारा एक लहान किडा अंगावर चिरडला, की भाजल्यासारखा लांबट पट्टा आणि फोड येतात. तेही नागीण म्हणून उतरवले जाते. त्यात फोडांआधी आतून येणारा ठणका नसतो.

तरुण वयातली नागीण

तरुण, धडधाकट माणसाला नागीण झाली, पुन्हा पुन्हा झाली किंवा वर सांगितल्याप्रमाणे पसरली, तर एचआयव्ही तपासणीचा सल्ला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात नागीण ही एचआयव्हीच्या दुसऱ्या टप्प्याच्या लक्षणांत मोडते. याचा अर्थ नागीण झालेल्या प्रत्येकाला एचआयव्ही आहे, असा अजिबात नाही. अनेक निरोगी तरुणांनाही ती होते. पण एचआयव्ही असेलच, तर तो लवकर कळण्याची ही संधी असते. २०१७ पासून आपल्या देशात, सीडी-४ पेशी कितीही असल्या तरी, निदान होताच एआरटी सुरू करण्याचे धोरण आहे. सरकारी दवाखान्यातील समुपदेशन व तपासणी केंद्रात ही तपासणी मोफत होते आणि १०९७ या क्रमांकावर मोफत माहिती मिळते.

इथे कार्यकर्त्यांवर मोठी जबाबदारी येते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही, तिची माहिती उघड करता येत नाही आणि नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करता येत नाही. आपण रुग्णाला दवाखान्यापर्यंत सोबत करायची. निकाल काय आला हे विचारायचे नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अमक्याला नागीण, मदत करा' असा फोटोसह संदेश तर मुळीच टाकायचा नाही. गावात एकदा कुजबुज सुरू झाली, की पुढचा रुग्ण दवाखान्याऐवजी पुन्हा राखेकडे वळतो.

एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत नागीण उठू शकते. प्रतिकारशक्ती परत येत असताना असे होते. 'गोळ्या बाधल्या' समजून एआरटी थांबवू नये.

७२ तासांचा हिशोब

नागिणीवर अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध आहे. ते शोधणाऱ्या संशोधकांत गर्ट्रूड एलियन या प्रमुख होत्या. त्यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतही हे औषध आहे. मोठ्या माणसांना सहसा ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस दिली जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून डॉक्टरांनीच ठरवावे. व्हॅलासायक्लोव्हिरसारखी दिवसातून कमी वेळा घ्यायची औषधेही आहेत.

पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले, तर फायदा सर्वाधिक. विषाणू वाढत असतो तेव्हाच त्याला रोखता येते. तीन दिवस उलटले असले तरी डोळा, कान, पसरलेली नागीण, कमी प्रतिकारशक्ती किंवा नवे फोड येत असणे यांपैकी काही असेल, तर औषध दिले जाते. 'आता उशीर झाला' म्हणून घरी बसू नये. मेडिकलमधून नुसते मलम आणून भागत नाही, आणि स्टिरॉइड मिसळलेली मलमे स्वतःच्या मनाने लावणे तर घातकच.

हे तीन दिवस आपल्या भागात कुठे जातात, ते आम्हाला माहीत आहे. एक दिवस 'उष्णता आहे' म्हणण्यात, एक दिवस उतरवणाऱ्याकडे, एक दिवस पैशाची जुळवाजुळव करण्यात. बीड जिल्ह्यातील लाखो माणसे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे कोयत्यातल्या एकाने सुट्टी घेतली की खाडा लागतो, आधीच घेतलेली उचल फिटायची असते आणि मुकादम दुसऱ्या फडाची घाई करत असतो. कपाळावर फोड आलेली बाई डोळ्यावर पदर ओढून मोळ्या बांधत राहते. हे केवळ अंधश्रद्धेचे प्रकरण नाही. आजारपणाची मजुरी बुडू नये, यासाठी काही सोय नसल्याचेही आहे. आपण फक्त 'बुवाकडे जाऊ नका' म्हणत राहिलो, तर अर्धेच बोललो.

कायद्याबद्दलही स्पष्ट असावे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर हा कायदा आला, त्यामागे वर्षांची झुंज आहे. पण नागीण म्हणजे साप चावणे नव्हे. ते कलम दाखवून इथे काम भागणार नाही. इथे समजूतच घालावी लागेल, तीही रुग्णाचा अपमान न करता.

लागण आणि लस

नागिणीच्या रुग्णापासून दुसऱ्याला थेट नागीण होत नाही. मात्र ओल्या फोडांतील पाण्यातून, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपली धरेपर्यंत फोड स्वच्छ कापडाने झाकावेत, टॉवेल वेगळा ठेवावा. कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईने, तान्ह्या बाळाने आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी जवळ जाऊ नये. ताट वेगळे करणे, माणसाला ओसरीवर टाकणे, अंघोळ बंद करणे यांची गरज नाही. ज्या समाजाने शिवाशीव सोसली, त्याने आजारी माणसाला तीच वागणूक देऊ नये.

कांजिण्यांवरची लस जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. ती आपल्या सार्वत्रिक लसीकरणात अजून नाही, खासगीत विकत घ्यावी लागते. पन्नाशीनंतरच्यांसाठी नागिणीची नवी लस २०२३ मध्ये भारतात आली. तिचे दोन डोस लागतात आणि किंमत मजुराच्या आवाक्यात नाही. ज्यांना आयुष्यभर उन्हात राबून म्हातारपणी ही आग सोसावी लागते, त्यांच्यापर्यंत ती पोहोचावी, ही मागणी आपण करायला हवी.

आपण काय करायचे

विहारात, वाचनालयात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद लावा. त्यावर एवढेच लिहा: एका बाजूला आग आणि फोड आले, की तीन दिवसांच्या आत डॉक्टर. डोळा, नाक, कान, लघवी, अंगभर फोड किंवा ताप असेल तर त्याच दिवशी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी दाखवा. गुंतागुंत असेल तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्याला सर्वांत जवळचे मोठे ठिकाण आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतील एका तरी तरुणाच्या मोबाइलमध्ये हा कागद फोटो काढून द्या.

आशाताईंना सोबत घ्या. रुग्णाला 'कधीपासून?' हा प्रश्न आधी विचारा आणि पहिल्या फोडाची तारीख-वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांना त्या चिठ्ठीचा उपयोग होतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गेरू लावायचाच असेल, तर वाद घालत एक दिवस घालवू नका. फोडांवर काही न लावण्याची विनंती करा आणि त्याच संध्याकाळी गाडीची सोय करा.